सातपूरच्या एका बालवाडीचे प्रकरण : चांगली शिक्षिका केंद्रप्रमुख होते तेव्हा

पूर्वप्राथमिक केंद्राचे व्यवस्थापन हा विषय महाविद्यालयात शिकवण्यासाठी हे प्रकरण रचले आहे. नाशिकच्या सातपूर भागातील कामगार वस्ती आणि तिथल्या बालवाड्यांची घडी डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिले असले, तरी ते कोणत्याही एका संस्थेचे वा व्यक्तीचे चित्रण नाही. त्यातील माणसे आणि केंद्राचे आकडे अध्यापनासाठी योजलेले आहेत. कायदे, धोरणे आणि निकष मात्र जसे आहेत तसेच दिले आहेत. प्रकरणाचा रोख एकाच प्रश्नावर आहे : मुलांना उत्तम शिकवणाऱ्या बाईंना मोठ्या माणसांचे काम सांभाळायला आपण कधी शिकवतो का?

केंद्र आणि केंद्रप्रमुख

सातपूर आणि अंबड या दोन औद्योगिक वसाहतींमुळे या भागातल्या घरांचा दिवस कारखान्यांच्या पाळ्यांवर चालतो. पालकांपैकी बरेच जण कंत्राटी कामगार आहेत. काही घरांत मराठी बोलतात, काहींत अहिराणी, काहींत हिंदी. एका स्थानिक विश्वस्त संस्थेच्या स्वतःच्या इमारतीत तीन खोल्यांमध्ये ही बालवाडी भरते. शिशुवर्गात ३०, छोट्या गटात २८ आणि मोठ्या गटात २६ अशी एकूण ८४ मुले पटावर आहेत. तीन शिक्षिका, दोन मदतनीस आणि एक केंद्रप्रमुख असा कर्मचारीवर्ग आहे. मुले सोमवार ते शुक्रवार नऊ ते साडेबारा या वेळेत असतात, तर शिक्षिका साडेआठला येऊन एकला जातात. शनिवारी मुलांना सुट्टी असते, पण शिक्षिकांना दोन तास यावे लागते.

नव्या केंद्रप्रमुख याच बालवाडीत नऊ वर्षे शिक्षिका होत्या. गोष्ट सांगताना तीस मुलांना एका जागी खिळवून ठेवण्याची त्यांची हातोटी पालकांमध्येही ठाऊक होती. नोकरी करतच त्यांनी शहरातील एका महाविद्यालयाची बालशिक्षणाची एक वर्षाची पदविका सायंकाळच्या वर्गांतून पूर्ण केली आणि जूनमध्ये आधीच्या केंद्रप्रमुख निवृत्त झाल्यावर ती जागा त्यांना मिळाली. निवड योग्यच वाटत होती, आणि ती चुकीची होती असे या प्रकरणाचे म्हणणे नाही.

त्यांच्या पदविकेत बालमानसशास्त्र, आहार व आरोग्य, शैक्षणिक साधने, गाणी-गोष्टी आणि बालवाडी संघटन असे विषय होते. संघटनाच्या पेपरात हजेरीपट, जडसंग्रह (टिकाऊ वस्तूंची) नोंदवही, पावतीपुस्तक आणि किर्द म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही कशी लिहावी हे होते, म्हणजे नोंदी ठेवणे होते. प्रात्यक्षिक म्हणजे पाठ घेणे. एखाद्या सहकारी शिक्षिकेचा वर्ग कसा पाहावा, पाहिल्यावर तिच्याशी काय बोलावे, वर्षाचे अंदाजपत्रक कसे मांडावे, कोणत्या वेळी कोण कुठे असेल हे कसे ठरवावे, यांपैकी एकही गोष्ट त्यांनी अभ्यासक्रमात केलेली नव्हती.

नोव्हेंबरमधली घटना

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पंधरवड्यात एका दिवशी दोन मदतनिसांपैकी एक रजेवर होती. शाळा सुटण्याच्या वेळी शिशुवर्गातील एका मुलाचे कपडे खराब झाले म्हणून दुसरी मदतनीस त्याला घेऊन मोरीकडे गेली, आणि फाटकाशी छोट्या गटाच्या शिक्षिका उभ्या राहिल्या. तिथे एका आईने त्यांना गाठले. दिवाळी झाली तरी मुलाच्या वहीत अजून अक्षरे का नाहीत, शेजारच्या शाळेतली मुले शंभरपर्यंत आकडे लिहितात, असे त्यांचे म्हणणे होते. बोलणे लांबले. तेवढ्यात गल्लीतली बारा-तेरा वर्षांची एक मुलगी आपल्या भावाला न्यायला आली आणि सोबत शेजारच्या घरातली चार वर्षांची मुलगीही घेऊन गेली. पाच मिनिटांनी त्या मुलीची आजी फाटकाशी आली, तेव्हा नात नव्हती.

पंधरा-वीस मिनिटांत मुलगी शेजारच्या घरी सुखरूप सापडली. पण तोवर फाटकाशी पालकांचा घोळका जमला होता, आणि त्या सर्वांसमोर केंद्रप्रमुख शिक्षिकेला म्हणाल्या, “लक्ष कुठे होतं तुझं? एवढं एक फाटक सांभाळता येत नाही?”

त्या शिक्षिकेने पुढच्या सोमवारी राजीनामा दिला. दहा दिवसांनी मोठ्या गटाच्या शिक्षिकेनेही दिला. एक वर्ग केंद्रप्रमुखांनी स्वतः घेतला आणि ८४ मुले दोन खोल्यांत ४२-४२ अशी बसवली गेली. विश्वस्तांनी फाटकावर कॅमेरा बसवण्याचे ठरवले आणि नव्या शिक्षिकांसाठी फलक लावला. केंद्रप्रमुख आपल्या जुन्या महाविद्यालयाकडे दोन मागण्या घेऊन गेल्या : दोन प्रशिक्षणार्थी तातडीने वर्गावर पाठवाव्यात, आणि शिक्षिकांसाठी ‘मुलांकडे लक्ष कसे द्यावे’ यावर एक कार्यशाळा घ्यावी.

पहिली मागणी मान्य करणे सोपे होते, पण ती नाकारणेच योग्य होते. शिकायला आलेल्या मुलीला रिकाम्या जागेवर बिनपगारी उभे केले की केंद्राचा प्रश्न आणखी एक महिना झाकला जातो आणि ती मुलगी शिकते ते फक्त धावपळ. दुसऱ्या मागणीला अजून एक अडचण होती : लक्ष कमी पडले हे निदानच बरोबर नव्हते. त्याऐवजी महाविद्यालयाने व्यवस्थापन शिकणाऱ्या दोन विद्यार्थिनींना केंद्रप्रमुखांच्या शेजारी बसून केंद्राच्या वेळेचा, पैशांचा आणि माणसांचा हिशोब मांडायला पाठवले.

वेळेचा हिशोब

२०१३ च्या राष्ट्रीय बाल्यावस्था संगोपन व शिक्षण धोरणासोबतच्या गुणवत्ता निकषांनुसार तीन ते सहा वर्षांच्या २० मुलांमागे एक मोठी व्यक्ती असावी आणि तीन वर्षांखालील १० मुलांमागे एक. पटावर पाहिले तर हे केंद्र निकषाच्या बरेच आत होते. ८४ मुलांना केंद्रप्रमुख धरून सहा मोठी माणसे, म्हणजे चौदा मुलांमागे एक. तपासणीत कुणी विचारले असते तर हेच उत्तर दिले गेले असते, आणि ते खोटेही ठरले नसते.

विद्यार्थिनींनी मात्र दिवसाची पंधरा-पंधरा मिनिटे पाडून प्रत्येक तुकड्यात कोण कुठे असते याचा तक्ता केला. सकाळी नऊ ते साडेदहा चित्र चांगले होते. खाऊच्या वेळी दोन्ही मदतनीस स्वयंपाकाच्या ओट्याशी आणि मोरीत अडकत, पण मुले बसलेली असत, त्यामुळे तीन शिक्षिका पुरत. खरी तारांबळ बारा-दहा ते बारा-चाळीस या अर्ध्या तासात होती. एक मदतनीस फाटकाशी, दुसरी मोरीकडे. एक शिक्षिका रिक्षाने जाणाऱ्या मुलांची दप्तरे आणि पाण्याच्या बाटल्या जुळवण्यात. केंद्रप्रमुख कार्यालयात, कारण पालक याच वेळी येतात म्हणून शुल्कही याच वेळी घेतले जाई. उरल्या दोन शिक्षिका. दिवसातल्या सर्वांत जोखमीच्या अर्ध्या तासात ८४ मुलांकडे पाहायला दोन माणसे होती, म्हणजे ४२ मुलांमागे एक, आणि तीही सर्व कर्मचारी हजर असलेल्या दिवशी. घटनेच्या दिवशी एक मदतनीस रजेवर होती, एवढाच फरक.

प्रमाण पटाचे नसते, त्या त्या वेळेचे असते, ही बाब व्यवस्थापनाच्या पहिल्याच आठवड्यात विद्यार्थिनींच्या हाती यायला हवी. ती व्याख्यानातून येत नाही. एका खऱ्या केंद्राचा एक खरा दिवस कागदावर उतरवला की येते. फाटकाशी उभ्या असलेल्या शिक्षिकेचे लक्ष नव्हते हे वरवरचे कारण झाले. तिला त्या ठिकाणी एकटीने उभे करणारी रचना जूनपासून तशीच होती, आणि ती बदलण्याचा अधिकार सहा माणसांत फक्त एकीकडे होता.

बदल फारसे खर्चिक नव्हते. शुल्क घेण्याची वेळ सकाळी पावणेनऊ ते सव्वानऊ करण्यात आली आणि मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोय ठेवली. सुटण्याच्या वेळी फाटकाशी केंद्रप्रमुखांनी स्वतः उभे राहायचे, हे त्यांच्या दिनक्रमात पक्के झाले. तिन्ही गट एकदम सोडण्याऐवजी बारा-दहा, बारा-वीस आणि बारा-तीस असे सोडायचे ठरले. रिक्षाची मुले एका खोलीत एका शिक्षिकेजवळ बसून राहतील आणि शेवटी निघतील. प्रत्येक मुलासाठी न्यायला येऊ शकणाऱ्या जास्तीत जास्त तीन व्यक्तींचे छायाचित्र असलेले कार्ड झाले, आणि अठरा वर्षांखालील कुणाच्याही हाती मूल द्यायचे नाही असा नियम लेखी झाला. या नियमावर काही पालक नाराज झाले, कारण आई-वडील दोघेही कामावर असलेल्या घरांत थोरली बहीणच धाकट्याला आणते. ती नाराजी समजून घेण्यासारखी होती, पण नियम सैल करण्यासारखा नव्हता. अशा चार-पाच घरांसाठी गल्लीतल्या एकाच जबाबदार बाईचे नाव सर्वांच्या कार्डावर घालून मार्ग काढला गेला. पालकांना शिक्षिकेशी सविस्तर बोलायचे असेल तर शनिवारची वेळ ठरली.

शनिवारचा मुद्दा इथे वेगळा सांगितला पाहिजे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेला पायाभूत स्तराचा (तीन ते आठ वर्षे वयोगटाचा) राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा शिक्षिकेकडून खेळातून शिकवण्याची, मुलांच्या निरीक्षणांची आणि त्यावर आधारित नियोजनाची अपेक्षा करतो. या बालवाडीत शनिवारचे दोन तास भिंती सजवणे, सणांची तोरणे आणि गॅदरिंगचे कपडे यांत जात. नियोजन घरी होई किंवा होतच नसे. राजीनामा देणाऱ्या दुसऱ्या शिक्षिकेने जे सांगितले त्यात पगाराइतकाच भर यावर होता की आठवडाभर काय करायचे याचा विचार करायला कुणी पाच मिनिटेही देत नाही. शनिवारपैकी एक तास सजावटीला हात न लावता फक्त निरीक्षणे वाचायला आणि पुढचा आठवडा ठरवायला राखून ठेवणे, हा या प्रकरणातला सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत मोलाचा निर्णय होता.

पैशांचा हिशोब

चौथी शिक्षिका घेतली की प्रश्न सुटेल, असे केंद्रप्रमुखांचे म्हणणे होते, आणि पैसे नाहीत असे विश्वस्तांचे. दोघांकडेही आकडे नव्हते.

मासिक शुल्क ९०० रुपये. सगळ्यांनी भरले तर ७५,६०० रुपये यायला हवेत. प्रत्यक्षात सरासरी ८५ टक्के, म्हणजे ६४,२६० रुपये येत. खर्चात तीन शिक्षिकांचे प्रत्येकी ९,०००, दोन मदतनिसांचे प्रत्येकी ६,००० आणि केंद्रप्रमुखांचे १४,००० असे ५३,००० रुपये पगार, शिवाय खाऊ, वीज, साफसफाई आणि साहित्य यांवर १०,०००. एकूण ६३,०००. महिन्याची तोंडमिळवणी केली तर १,२६० रुपये शिल्लक दिसते, आणि विद्यार्थिनी पहिल्या प्रयत्नात इथेच थांबल्या.

वर्षाचा हिशोब वेगळे सांगतो. शुल्क दहा महिने घेतले जाते, पगार अकरा महिने दिला जातो. दहा महिन्यांची वसुली ६,४२,६०० रुपये. अकरा महिन्यांचे पगार ५,८३,००० आणि दहा महिन्यांचा इतर खर्च १,००,०००, मिळून ६,८३,०००. म्हणजे वर्षाला ४०,४०० रुपयांची तूट, जी विश्वस्त संस्था दरवर्षी उन्हाळ्यात दुसऱ्या निधीतून भरून काढत होती. केंद्रप्रमुखांना ही तूट ठाऊकच नव्हती, कारण त्यांच्यासमोर वर्षाचा ताळेबंद कधी ठेवला गेला नव्हता. ज्या व्यक्तीने केंद्र चालवायचे तिच्यापासून केंद्राचा जमाखर्च दूर ठेवण्याची ही रीत अनेक संस्थांत आहे, आणि ती मोडल्याशिवाय कोणतेही प्रशिक्षण उपयोगी पडणार नाही असे मला ठामपणे वाटते.

थकबाकी का राहते, हे पाहायला विद्यार्थिनींनी पावतीपुस्तकांवरील तारखा तपासल्या. शुल्काची मुदत महिन्याच्या पाच तारखेपर्यंत होती, तर कंत्राटी कामगारांच्या हाती पगार सात ते दहा तारखेदरम्यान येई. पाचला पैसे नसत. दहाला ते किराणा आणि भाड्यात जात. पंधरानंतर मागायचा केंद्रप्रमुखांना संकोच वाटे. मुदत बारा तारखेपर्यंत नेणे आणि दहा तारखेला सर्वांना एकच साधा निरोप पाठवणे, एवढ्याने वसुली ९५ टक्क्यांपर्यंत जाईल असे धरले तर वर्षाची जमा ७,१८,२०० होते आणि तुटीऐवजी ३५,२०० रुपये शिल्लक राहतात. पूर्णवेळ चौथ्या शिक्षिकेचा अकरा महिन्यांचा खर्च ९९,००० असल्याने तेवढ्यात ती बसत नाही. पण दहा ते एक या तीन तासांसाठी, म्हणजे शिक्षिकांच्या पगाराच्या त्याच दराने महिना ६,००० रुपयांवर एक साहाय्यक शिक्षिका घेतली, तर खर्च ६६,००० होतो आणि वर्षअखेर तूट ३०,८०० उरते. ती आजच्या तुटीपेक्षा ९,६०० रुपयांनी कमी आहे. खाऊपासून सुटण्याच्या वेळेपर्यंत एक जादा माणूस मिळतो आणि संस्थेचा भारही हलका होतो. असे मांडल्यावर विश्वस्तांनी नकार देण्याचे कारण उरले नाही.

पुढच्या जूनपासून शुल्क ५० रुपयांनी वाढवले तर ९५ टक्के वसुलीने ३९,९०० रुपये अधिक येतील, तूट भरून निघेल आणि ९,१०० रुपये उरतील. ते तीन शिक्षिकांत अकरा महिन्यांवर वाटले तर प्रत्येकीला महिन्याला पावणेतीनशे रुपये मिळतात. या आकड्याकडे डोळे उघडे ठेवून पाहावे लागते. नऊ हजारांचा पगार कमी आहे, सहा हजारांचा त्याहून कमी आहे, आणि केवळ पालकांच्या शुल्कावर चालणाऱ्या कामगार वस्तीतल्या बालवाडीला तो स्वतःच्या बळावर वाढवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याचे कलम ११ तीन वर्षांवरील मुलांच्या मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणासाठी शासन ‘आवश्यक ती व्यवस्था करू शकेल’ एवढेच म्हणते. सहा ते चौदा वयोगटासारखे बंधन त्यात नाही. कुशल व्यवस्थापनाने वेळ वाचतो, तूट घटते, माणसे थोडी अधिक टिकतात. सार्वजनिक पैशाची जागा त्याने भरून निघत नाही, आणि महाविद्यालयाने तसे भासवूही नये.

माणसांशी बोलणे

जून ते नोव्हेंबर या काळात केंद्रप्रमुखांनी एकाही शिक्षिकेशी तिच्या कामाविषयी एकांतात, ठरवून, बसून बोलणे केलेले नव्हते. वर्ग पाहणे म्हणजे जाता जाता दारातून डोकावणे. सूचना व्हरांड्यात तोंडी दिल्या जात आणि दुपारपर्यंत बदलत. यामागे उद्धटपणा नव्हता, अवघडलेपण होते. मार्चपर्यंत ज्या मैत्रिणींसोबत डबा खाल्ला, त्यांच्या कामातली उणीव त्यांना कशी सांगायची हे कुणी शिकवले नव्हते. म्हणून लहानसहान गोष्टी साठत गेल्या, आणि पहिल्यांदा स्पष्ट बोलणे झाले ते पालकांच्या घोळक्यात.

आपल्याकडे बालशिक्षणात माणूस घडवण्याची परंपरा मोठी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला गरीब आणि आदिवासी मुलांच्या अंगणापर्यंत शाळा नेली, तीही स्थानिक स्त्रियांना सोबत घेऊन, हाताखाली काम करवून. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेत अंगणवाडी सेविका, मदतनीस, पर्यवेक्षिका आणि बालविकास प्रकल्प अधिकारी अशी उतरंड आहे. कामाचा बोजा कितीही असो, सेविकेचे काम पाहणे हे कुणाचे तरी ठरलेले काम आहे. खासगी बालवाडीत ही मधली पायरीच नाही. कालची शिक्षिका आज पर्यवेक्षिका, हिशोबनीस आणि मुख्याध्यापिका होते, आणि तिच्यावर पाहणारे कुणी नसते.

तुलनेसाठी कॅलिफोर्नियातील बालविकास परवान्यांची रचना वर्गात दाखवण्यासारखी आहे. तिथे केंद्राच्या पर्यवेक्षकाचा परवाना मिळवण्याच्या एका प्रचलित मार्गात बालशिक्षणाच्या २४ श्रेयांकांखेरीज (श्रेयांक म्हणजे अभ्यासक्रमातील क्रेडिट) प्रशासनाचे ६ आणि प्रौढ व्यक्तींच्या पर्यवेक्षणाचे २ श्रेयांक वेगळे लागतात, आणि अनुभवातही प्रौढांच्या पर्यवेक्षणाचे किमान १०० दिवस मोजले जातात. तिथली व्यवस्था जशीच्या तशी उचलण्याचे कारण नाही. तिथला पगार, तिथले नियमन, सगळेच वेगळे आहे. पण मुलांना शिकवणे आणि मोठ्यांचे काम पाहणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, हे तिथे श्रेयांकांतच मान्य केलेले आहे.

सातपूरच्या केंद्रात याची सुरुवात साध्या रीतीने झाली. केंद्रप्रमुखांनी पंधरा दिवसांतून एकदा प्रत्येक वर्गात वीस मिनिटे बसायचे आणि दिसले तेवढेच लिहायचे. ‘वर्गात शिस्त नव्हती’ असे नाही, तर ‘गोष्ट सुरू असताना मागच्या सहा मुलांना चित्र दिसत नव्हते, ती दोनदा उठली’ असे. त्याच दिवशी शाळा सुटल्यावर दार लावून पंधरा मिनिटे बोलायचे, आणि पहिला प्रश्न शिक्षिकेला तिची अडचण विचारणारा असायचा. नव्याने येणाऱ्या शिक्षिकेला पहिला आठवडा एकटीला वर्ग द्यायचा नाही. हे सारे लिहायला सोपे आहे. प्रत्यक्षात पहिल्या दोन बैठकांत केंद्रप्रमुखांनीच जास्त बोलून टाकले, आणि विद्यार्थिनींनी शेजारी बसून कोण किती बोलले हे टिपून ठेवल्यामुळे ते त्यांच्या ध्यानात आले.

मोठ्या गटाच्या शिक्षिकेने एप्रिलपर्यंत थांबण्याचे मान्य करून राजीनामा मागे घेतला. छोट्या गटाच्या शिक्षिका परत आल्या नाहीत. केंद्रप्रमुख त्यांच्या घरी गेल्या, लोकांसमोर बोलल्याबद्दल माफी मागितली. ती स्वीकारली गेली, नोकरी स्वीकारली गेली नाही.

वहीतल्या अक्षरांचा प्रश्नही याच वेळी घ्यावा लागला, कारण फाटकाशी जे बोलणे लांबले ते त्यावरूनच. पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची परीक्षा होईल ही भीती त्या आईच्या बोलण्यामागे होती. प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेण्यास शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ने मनाई केली आहे, हे पालकांना कुणी सांगितलेलेच नव्हते. पहिली पाळी सुटल्यावर जमेल अशा वेळी, मराठीसोबत हिंदी आणि अहिराणीतही बोलून, पालकांची एक बैठक झाली. मणी ओवणे, वाळूत रेघा काढणे, गाण्यातले यमक ओळखणे यांतून लेखन-वाचनाची तयारी कशी होते, हे पालकांनाच करायला लावून दाखवले. सगळ्यांचे समाधान झाले नाही, पण तक्रार शिक्षिकेच्या वाट्याला फाटकाशी येण्याऐवजी केंद्रप्रमुखांकडे शनिवारी येऊ लागली.

महाविद्यालयाने काय बदलावे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्या अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचे प्रमाणपत्र आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका सुचवली आहे, तीही नोकरी न सोडता करता येईल अशी. शिकवणाऱ्या स्त्रियांसाठी वाट आखली जात आहे, हे चांगले आहे. केंद्र चालवणाऱ्या स्त्रियांसाठीही तेवढाच गंभीर अभ्यासक्रम लागेल. नाशिकला त्याची सोय करता येण्यासारखी आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून इथे असल्याने संसार आणि नोकरी सांभाळून शिकणे शहराला नवे नाही. शिवाय पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पाळणाघराची सोय बंधनकारक केली, त्यामुळे सातपूर-अंबडच्या कारखान्यांनाही अशा प्रशिक्षित व्यवस्थापिका लागणारच आहेत.

माझ्या मते सर्वांत आधी प्रात्यक्षिक बदलले पाहिजे. विद्यार्थिनीने पाठ घ्यावेत हे ठीक, पण व्यवस्थापनाच्या विद्यार्थिनीने जूनचे प्रवेश, एक पगारवाटप, एक पालकसभा आणि शाळा सुटण्याची वेळ हे सारे केंद्रप्रमुखांच्या खुर्चीशेजारी बसून पाहावे, आणि शेवटी वेळेचा तक्ता व वर्षाचे अंदाजपत्रक स्वतः करून विश्वस्तांसमोर मांडावे. पर्यवेक्षणाच्या संवादाचा सराव वर्गमैत्रिणींत केला तर तो लुटुपुटीचा होतो. एखाद्या बालवाडीतल्या अनुभवी शिक्षिकेला मानधन देऊन बोलावावे आणि तिच्याशी बोलून पाहावे, तिने नंतर स्पष्ट सांगावे की काय बोचले. कायद्याचा भाग केंद्राच्या आकारावरून शिकवावा. सहा कर्मचारी असलेल्या या केंद्राला लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानुसार अंतर्गत समिती नेमणे बंधनकारक नाही, ती दहा किंवा अधिक कर्मचाऱ्यांना लागते. पण इथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते हे केंद्रप्रमुखांना ठाऊक हवे. मुलाच्या लैंगिक शोषणाचा संशय आला तरी २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक (पॉक्सो) कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि ‘आधी विश्वस्तांना विचारते’ हे तिथे चालत नाही.

अजून न सुटलेला भाग

शिशुवर्गाची खोली वीस बाय पंधरा फुटांची आहे, म्हणजे सुमारे २८ चौरस मीटर. २०१३ च्या निकषांत ३० मुलांसाठी किमान ३५ चौरस मीटरची खोली सांगितली आहे. त्या हिशोबाने या खोलीत २४ मुले बसावीत, ३० नाहीत. सहा प्रवेश कमी केले तर सध्याच्या शुल्कानेही दहा महिन्यांत ५४,००० रुपयांची मागणीच घटते, आणि ९५ टक्के वसुली धरली तरी ५१,३०० रुपये जातात. साहाय्यक शिक्षिकेचा खर्च वजा जाता वसुली सुधारून आणि शुल्क वाढवून जे काही मिळवले ते यात वाहून जाते. मोठ्या गटाची खोली थोडी मोठी आहे, व्हरांडा पावसाळ्याचे चार महिने वापरता येत नाही, आणि दुपारी इमारत रिकामी असते. दुपारची तुकडी काढली तर साहाय्यक शिक्षिकेचे तास वाढवता येतील, पण त्या वेळी मुलांना आणणार कोण, हा प्रश्न दुसऱ्या पाळीच्या घरांत वेगळा आणि पहिल्या पाळीच्या घरांत वेगळा आहे.

सत्रअखेरच्या मूल्यमापनात विद्यार्थिनींना याच पेचावर काम करायचे आहे. त्यांनी विश्वस्तांना दोन पानांचे पत्र लिहावे. त्यात किमान दोन पर्यायांचे वर्षभराचे जमाखर्च असावेत, प्रत्येक पर्यायात सकाळपासून सुटण्यापर्यंत शिशुवर्गाकडे कोण असेल याचा तक्ता असावा, आणि शेवटी स्वतःची एकच शिफारस, तिच्यामुळे कोणत्या घरांची अडचण होईल हे नमूद करून, सहीनिशी असावी.